नागपूरच्या घरात स्मार्ट थर्मोस्टॅट: दोन उन्हाळे वापरून झाल्यावर लिहितेय

आमचं घर त्रिमूर्ती नगरात, चौथा मजला आणि तोच शेवटचा, म्हणजे डोक्यावर थेट छत. ज्यांनी नागपूरचा मे महिना वरच्या मजल्यावर काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री अकराला बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावला तर गॅसवरून उतरवून ठेवलेल्या तव्यासारखी लागते. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश झालं होतं, तेव्हा आम्ही महाल भागातल्या जुन्या घरी होतो, जाड भिंती, खाली ओल, कूलरवर निभावून गेलं. या फ्लॅटमध्ये कूलरवर निभत नाही, म्हणून बाबांच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला.

बाबा म्हणजे माझे सासरे, आता ७९ चे आहेत, शुगर आहे, गुडघे दुखतात. एसी २२ वर लावून झोपायचे, रात्री तीनला थंडी वाजून उठायचे, रिमोटने बंद करायचे आणि झोपून जायचे. पहाटे पाचपर्यंत खोली पुन्हा भट्टी. अंधारात चष्म्याशिवाय रिमोटचं बटण सापडत नाही, आणि आम्हाला हाक मारायला त्यांना संकोच वाटतो, दिवसभर ऑफिस करून आलेत, झोपू दे त्यांना, असा स्वभाव. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक दिवस सकाळी चहा घेऊन गेले तर ओठ कोरडे पडलेले, बोलणं अडखळून राहिलं होतं, मला ओळखायलाही त्यांना वेळ लागला. डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय आणि अंगातलं पाणी कमी झालंय, दोन दिवस सलाइन लावावं लागलं. बंद खोलीत, रात्री, घरातल्या घरात ऊन लागतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. तेव्हापासून मी या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या, म्हणजे खोलीचं तापमान मोजून एसी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या मागे लागले, आणि बरेच पैसे आणि त्याहून जास्त वेळ घालवून जे कळलं ते इथे लिहून ठेवते, कारण नेटवर जे वाचायला मिळतं ते जवळजवळ सगळं अमेरिकेतल्या घरांचं आहे.

सुरुवात तिथूनच झाली म्हणा ना. माझा दीर न्यू जर्सीला असतो, बाबांचं ऐकून तो धावत आला आणि येताना नेस्टचा थर्मोस्टॅट घेऊन आला. गोल, सुंदर वस्तू, हातात घेतल्यावर जड आणि पक्की वाटते. नेस्टचा पहिला थर्मोस्टॅट २०११ मध्ये आला आणि २०१४ मध्ये गूगलने ती कंपनीच ३.२ अब्ज डॉलरला घेतली, म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही. तो म्हणाला, वहिनी, हा आपोआप शिकतो, कधी किती थंड पाहिजे ते आठवडाभरात त्याला कळतं. आम्ही सगळे खूश. इलेक्ट्रिशियन भाऊंना बोलावलं, त्यांनी मागची प्लेट उघडली, खालीवर करून पाहिली आणि म्हणाले, ताई, हे २४ व्होल्टचं आहे, आपल्या घरात २३०, डायरेक्ट जोडलं तर जळून जाईल, आणि ट्रान्सफॉर्मर लावून दिला तरी पुढची वायर एसीत लावू कुठे?

त्यांचं बरोबर होतं. तिकडे पूर्ण घराला मिळून एक फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, आणि एक मोठा एसी असतो, डक्टमधून सगळ्या खोल्यांत हवा जाते, आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट चालू-बंदचा हुकूम बारीक वायरींमधून देतो. त्या प्लेटवर अक्षरं असतात, आर म्हणजे पॉवर, सी म्हणजे कॉमन, वाय कूलिंगची, जी पंख्याची, डब्ल्यू हीटिंगची. आपल्या साध्या स्प्लिट एसीत अशी वायर जोडायची जागाच नसते, इनडोअर आणि आउटडोअर युनिट आपसात कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात आणि बाहेरून त्यांना हुकूम द्यायचा रस्ता एकच, रिमोट. शिवाय अर्धा थर्मोस्टॅट तर हीटिंगसाठी बनलेला, आणि आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ पर्यंत उतरला होता तेव्हासुद्धा आठ दिवस गोधडीवर निघाले. दीर बिचारा खट्टू झाला, एवढ्या प्रेमाने आणलं होतं. मी त्याला म्हटलं, तुझ्या घरी लाव, तिथे त्याची जागा आहे, आणि त्याने नेऊन लावलाही, तिथे छान चालून राहिला आहे. पण तुमचं कोणी परदेशातून येणार असेल आणि विचारत असेल की नेस्ट आणू का इकोबी (तसाच दुसऱ्या कंपनीचा थर्मोस्टॅट) आणू, तर आधी घरात कोणता एसी आहे ते सांगा. डक्टेबल किंवा सेंट्रल एसी असलेल्या बंगल्यांची गोष्ट वेगळी, तिथे एसीवाल्यालाच विचारा की कंट्रोल किती व्होल्टवर आहे. साध्या स्प्लिटसाठी ते नाहीच.

स्प्लिट एसीसाठी जे मिळतं ते म्हणजे एक छोटी डबी, जी वायफायवर चालते आणि एसीला रिमोटसारखा इन्फ्रारेड सिग्नल देते. कोणी आयआर ब्लास्टर म्हणतं, कोणी स्मार्ट एसी कंट्रोलर. पण या दोन नावांत फरक आहे आणि त्या फरकापायी माझं एक मोठं नुकसान होता होता राहिलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी आधी स्वस्तातला आयआर ब्लास्टर घेतला, अकराशे रुपयांचा, रेटिंग चांगलं होतं. लावायला दहा मिनिटं, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, एसी सगळं फोनवर आलं, मुलगी खूप खूश. मीही वेळा लावून ठेवल्या, रात्री दहाला २४, दोनला २६, पाचला २५. आठ दिवस वाटलं की सुटला प्रश्न. मग मी बहिणीकडे अमरावतीला गेले दोन दिवस, नवरा टूरवर, घरी मुलगी आणि बाबा. रात्री साडेबाराला मी फोन उघडून पाहिला, ॲपमध्ये दिसून राहिलं एसी चालू, कूल, २४. निवांत झोपले. सकाळी मुलीचा फोन, आई, आबांच्या खोलीत केवढं गरम आहे, एसी तर बंदच आहे. झालं असं की बाबांनी अकराला त्यांच्या हातातल्या रिमोटने बंद केला होता आणि डबीला ते कळलंच नाही. तिला कळायचा मार्गच नव्हता. ती फक्त बोलते, ऐकत नाही. आपण शेवटचं बटण काय दाबलं ते ॲप दाखवतं, एसी खरंच काय करून राहिला आहे ते नाही. दोनला २६ चा हुकूम जायला हवा होता तोही नेमका गेला नाही, त्याचं कारण पुढे सांगते. बाबांना सुदैवाने काही झालं नाही, त्यांनी पंखा लावून खिडकी उघडली होती, पण मी अमरावतीहून नागपूरला येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले, मॅडम, हा प्रॉडक्टचा दोष नाही, तो असाच आहे. मग बॉक्सवर तसं लिहा ना, म्हाताऱ्या माणसाच्या भरवशासाठी कोणी घेईल तर त्याला कळलं पाहिजे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या किमतीतल्या बहुतेक डब्या अशाच आहेत.

तर पहिली गोष्ट पाहायची ती ही, की डबीला हातातल्या रिमोटचा सिग्नल समजतो का. काही कंट्रोलरमध्ये आयआर रिसीव्हर असतो, तुम्ही रिमोट दाबला की त्यालाही कळतं आणि ॲपमध्ये बदल दिसतो. आणि एसीचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा नसतो हेही मला यातच कळलं, टीव्हीचा रिमोट एका वेळी एक बटण पाठवतो, एसीचा रिमोट दर वेळी सगळी पाटी पाठवतो, मोड, तापमान, पंखा, स्विंग सगळं एकदम. म्हणून डबीच्या यादीत तुमच्या एसीचं नुसतं ब्रँडचं नाव असून चालत नाही, मॉडेलचा रिमोट नीट जुळला पाहिजे, नाहीतर तुम्ही २५ करता आणि सोबत स्विंग बंद होतो किंवा टर्बो चालू होतो. घेतल्यावर पहिल्याच दिवशी रिमोटवरचं एकूण एक बटण ॲपवरून करून पाहा, परत करायची मुदत असेपर्यंत.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, तापमान कुठे मोजलं जातं.

त्या स्वस्त डबीत सेन्सर नव्हताच, तो फोनमधला रिमोट होता एवढंच. थर्मोस्टॅट म्हणजे जो आधी मोजतो आणि मग ठरवतो. मला प्रश्न पडला की एसी २४ वर आहे तर बाबांच्या उशाशी खरंच २४ आहे का? सीताबर्डीच्या बाजारातून अडीचशे अडीचशेचे तीन छोटे डिजिटल थर्मामीटर आणले, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे, आधी तिघांना एका डब्यात तासभर ठेवून पाहिलं, तिघांत अर्ध्या अंशाचा फरक होता, तेवढा चालतो. मग एक इनडोअर युनिटच्या जवळ सुतळीने टांगला, एक पश्चिमेच्या भिंतीला, एक बाबांच्या उशाशी स्टुलावर पाण्याच्या तांब्याच्या बाजूला. रात्री साडेअकराचे आकडे मी मुलीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलेत: युनिटजवळ २४.३, भिंतीला ३०.१, उशाशी २७.८. एसीच्या हिशोबाने खोली थंड झाली होती आणि तो हळू पडला होता, आणि बाबा पावणेअठ्ठावीसच्या वर झोपले होते. पहाटे साडेतीनला उठून पुन्हा पाहिलं तर भिंत निवलेली आणि उशाशी २३.४. म्हणजे रात्रीच्या सुरुवातीला गरम आणि पहाटे थंडी, रिमोटवर मात्र पूर्ण वेळ २४ च.

कारण शोधलं तर साधं निघालं. एसीचा सेन्सर त्याच्या पोटातच असतो, जिथून तो खोलीतली हवा आत ओढतो तिथे, म्हणजे सात फुटांवर. आमच्या खोलीत युनिटच्या समोर चार फुटांवर छतापर्यंत गेलेलं कपाट आहे. थंड हवा कपाटावर आपटून वर वळते आणि परत युनिटच्याच तोंडात जाते, त्याला वाटतं झालं काम. मी फ्लॅप खाली वळवून टाकले तर निम्मा फरक तिथेच भरून निघाला, एक रुपया न लावता, म्हणून तुम्हीही काही विकत घेण्याआधी हे करून पाहा.

सेन्सर चुकला की काय होतं ते नागपूरकरांना माहीत आहेच, मे २०२४ च्या शेवटी इथल्या एका ऑटोमॅटिक केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी गेली, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्येच बिघाड होता. मला त्या दिवशी चार नातेवाइकांचे फोन आले होते. तसंच घरातलं आहे, मोजमाप चुकीच्या जागी झालं तर वरचा सगळा स्मार्टपणा चुकीच्या आकड्यावर चालतो.

विकत घेण्याच्या आधीची आणखी एक गोष्ट, तुमच्या एसीच्या रिमोटवर फॉलो मी किंवा आय फील असं बटण आहे का ते पाहा. बहिणीच्या एसीला आहे आणि तिला पाच वर्षांत पत्ताच नव्हता. त्यात रिमोटच्या आत सेन्सर असतो, बटण दाबलं की एसी स्वतःचा सेन्सर सोडून रिमोटजवळचं तापमान धरून चालतो. फक्त रिमोट उशाशी आणि एसीकडे तोंड करून ठेवावा लागतो, उशीखाली गेला की संपलं. ज्यांच्याकडे हे आहे त्यांना माझ्या मते वेगळा कंट्रोलर घ्यायची गरजच नाही, बाहेरून फोनवर पाहायचं नसेल तर. आमच्या एसीला नव्हतं.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये मी दुसरा घेतला, साडेसहा हजारांचा. या प्रकारात सेन्सिबो, सिएलो, टाडो अशी बाहेरची नावं आहेत, आणि आपल्याकडेही आता बऱ्याच कंपन्या करतात. मी घेतला त्याचं मॉडेल इथे मुद्दाम सांगत नाही, कारण दर वर्षी मॉडेल बदलतात आणि माझ्या नावावर कोणी जुनं किंवा वेगळं काही घेऊन बसायला नको, काय काय पाहून घेतला ते सांगते. डबी एसीला दिसेल अशी समोरच्या भिंतीवर, आणि सेन्सर वेगळा, काडेपेटीएवढा, बॅटरीवर चालणारा, तो बाबांच्या पलंगाच्या डोक्याच्या फळीला डबल टेपने चिकटवला. हे वेगळं असणं महत्त्वाचं आहे, कारण डबीला एसीसमोर राहावं लागतं आणि सेन्सरला माणसाजवळ, एकाच डबीत दोन्ही असेल तर तुम्हाला कुठेतरी तडजोड करावी लागते. सेन्सर खिडकीजवळ, टीव्हीच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीवर किंवा थेट एसीच्या झोतात लावू नका.

आता नियम कसे लावले. आधी मी चूक केली, उशाशी २५ झालं की एसी बंद, २८ झालं की चालू असं लावलं. इन्व्हर्टर एसीला हे बरं नाही, तो कमी ताकदीवर सतत चालण्यासाठी बनलेला आहे, बंद करून पुन्हा चालू केला की तो दर वेळी पूर्ण जोर लावतो, आणि बाबांना आवाजाने जाग येते ती वेगळी. मग बदललं. उशाशी २५.५ च्या खाली गेलं की एसीचा आकडा २७ कर, २७ च्या वर गेलं की २४ कर, बंद करायचं नाही. मध्ये दीड अंशाची जागा सोडली, ती सोडावीच लागते, नाहीतर दर पाच मिनिटांनी तो आकडे बदलत बसतो आणि एसीची बीप वाजत राहते. आमच्या एसीच्या बीपचा आवाज सेटिंगमधून बंद होतो, तो पहिल्याच आठवड्यात केला. त्यानंतर बाबा रात्री उठायचे थांबले असं नाही म्हणणार, शुगरमुळे बाथरूमला उठतातच, पण थंडी वाजते म्हणून एसी बंद करणं थांबलं.

स्मार्ट प्लगचा सल्ला मला दोघांनी दिला, स्वस्त पडतो म्हणून. नका करू. चालू एसीची लाइट अशी सॉकेटवरून कापणं कॉम्प्रेसरला चांगलं नाही, प्लग १६ अँपचा नसेल तर तो तापतो, आणि पुन्हा लाइट आल्यावर एसी आपोआप सुरू होईलच असंही नाही, ते त्याच्या ऑटो रीस्टार्टवर आहे.

आर्द्रतेचं मला आधी काहीच महत्त्व वाटलं नव्हतं, पण नागपुरात ते खूप आहे. मे मध्ये दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल तासाभरात कडक होतो, म्हणून तर आपल्याकडे कूलर एवढा चालतो, वाळ्याच्या ताटीतून आलेल्या हवेसारखं सुख एसीत नाही हे मी आजही म्हणते. आमच्या हॉलमध्ये कूलर आहेच. आणि एकदा ॲपमधला ग्राफ पाहिला तर रात्री साडेनऊला बाबांच्या खोलीतली आर्द्रता ३१ वरून ६० वर गेलेली. पाहिलं तर खोलीचं दार उघडं, कूलरची ओली हवा आत शिरून राहिली होती आणि एसी ते सगळं पाणी ओढून बाहेर टाकत बसला होता. एसीसोबत पंखा लावतात तसं कूलर आणि एसी दोन्ही मिळून जास्त थंड होईल असं आम्हाला वाटायचं, झालं उलटंच. आता जेवणानंतर कूलर बंद, मग बाबांचं दार बंद, मग एसी, हा क्रम पाळतो.

जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की सगळं बदलतं. तापमान ३० च्या आसपास पण अंग चिकट, कूलर कामाचा राहत नाही. तेव्हा माझा मे महिन्याचा नियम उपयोगाचा नाही, उशाशी २६ असूनही बाबांना गुदमरल्यासारखं व्हायचं. जुलैसाठी वेगळा नियम केला, आर्द्रता ६५ च्या वर गेली की ड्राय मोड, म्हणजे एसी हवेतला ओलावा काढतो तो. ज्या कंट्रोलरमध्ये आर्द्रतेवर नियम लावता येत नाही तो नागपूरसाठी अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडे कोरडा आणि ओला असे दोन वेगळे उन्हाळे असतात म्हटलं तरी चालेल.

आता इंटरनेट. त्या अमरावतीच्या रात्री दोनचा हुकूम का गेला नाही, तर त्या रात्री वादळ येऊन गेलं होतं, लाइट जाऊन आली आणि नेट सकाळपर्यंत नव्हतं. वेळापत्रक डबीत साठवलेलं नव्हतं, कंपनीच्या सर्व्हरवर होतं, नेट गेलं की डबी मुकी. रोहिणी नक्षत्रात, नवतपात, पावसाआधीच्या वादळांत आपल्याकडे लाइट जाणं काही नवं नाही, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात जास्त उकाड्याचे. म्हणून नवीन घेतल्यावर मी चाचणी केली ती अशी: राउटर चालू ठेवला पण बाहेरून येणारी फायबरची वायर काढून ठेवली, आणि दोन तास वाट पाहिली की नियम चालतात का. चालले. मग मेन स्विच बंद करून चालू केला, एसी कुठल्या सेटिंगवर परत येतो आणि डबी किती वेळात जागी होते ते पाहिलं, साडेतीन मिनिटं लागली. राउटरला छोटा यूपीएस लावला, डबी जुन्या मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर आहे, तोही त्याच यूपीएसच्या बाजूने घेतला. या दोन चाचण्या दुकानदार करून देणार नाही, घरीच करा.

कंपनी टिकेल का हाही प्रश्न आहे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत इन्स्टिऑन नावाच्या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि लोकांच्या घरातली उपकरणं ॲपवरून चालेनात. आणि नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा ऑनलाइन सपोर्ट गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केला, ते भिंतीवर हाताने चालतात पण फोनवरून नाही. म्हणून घरच्या घरी चालणारं पाहा, मॅटर नावाचं एक सामाईक स्टँडर्ड २०२२ पासून आलंय, बॉक्सवर ते असेल तर एकाच कंपनीच्या ॲपवर सगळं अडकून राहत नाही.

वायफाय जोडताना एक अडचण जवळजवळ सगळ्यांना येते, या डब्या २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि नवीन राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतात, मग जोडणी अडकते. राउटरमध्ये दोन्हीची नावं वेगळी करा, दोन मिनिटांचं काम आहे, मी त्यात एक रविवार घालवला.

बिलाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. मागच्या मे चं बिल ६१८ युनिटचं होतं, त्याआधीच्या मे चं ७०४. पण हे सगळं कंट्रोलरचं श्रेय नाही, त्याच मार्चमध्ये आम्ही छताला पांढरा कोट मारून घेतला होता आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी लावली. शिवाय बाबांचा २२ चा आकडा गेला. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणते की एसीचा आकडा एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ वरच सुरू होतात ते त्याचसाठी. माझा अंदाज, साडेसहा हजार नुसत्या बिलातून निघायला मला तीन तरी उन्हाळे लागतील. फक्त वीज वाचवायची असेल तर आधी छताला कोट मारा, स्लॅबखाली राहणाऱ्यांना त्याने जास्त फरक पडतो. कंट्रोलर घ्या तो घरात म्हातारं माणूस, लहान बाळ किंवा आजारी कोणी असेल आणि तुम्ही दिवसभर बाहेर असाल तर.

नवीन एसीच घ्यायचा असेल तर वायफायवाला मिळतो, त्याला वेगळी डबी लागत नाही आणि तो खरंच चालू आहे की बंद ते ॲपमध्ये बरोबर दिसतं, कारण एसी स्वतःच सांगतो. ही फार मोठी जमेची बाजू आहे. पण सेन्सर पुन्हा युनिटच्या पोटातच, म्हणून घेताना बाहेरचा सेन्सर जोडता येतो का किंवा रिमोटमध्ये फॉलो मी आहे का ते विचारा. मी विचारलं त्या तीन दुकानांपैकी एकाच ठिकाणच्या मुलाला ते माहीत होतं, आणि त्याने डेमोचा रिमोट काढून दाखवलाही.

माझ्या कंट्रोलरबद्दल तक्रारी आहेत. ॲप फक्त इंग्रजीत, बाबांना वाचता येतं पण अक्षर बारीक. डबीवरचे टच बटण अंधारात दिसत नाहीत. आणि सेन्सरचा सेल संपत आला की त्याची सूचना ॲपमध्ये कोपऱ्यात येते, मला ती मागच्या ऑगस्टमध्ये चार दिवस दिसलीच नाही, त्या चार दिवसांत डबी शेवटचा आकडा धरून बसली होती. अशा वेळी फोनवर मोठ्याने कळलं पाहिजे.

बाबांनी फोनला हात लावला नाही अजून, आणि मी लावायला सांगितलंही नाही. ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, सूनबाई, मला ते फोनचं नको, मला बटण दिसलं पाहिजे. म्हणून त्यांच्या रिमोटवर चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला, बोटालाही लागतो. त्यांनी तो दाबला की माझ्या फोनवर लगेच येतं, बाबांच्या खोलीतला एसी रिमोटने बंद केला, आणि पंधरा मिनिटांत उशाशी २९ च्या वर गेलं तर फोन वाजतो. मे मध्ये दोनदा वाजला. एकदा ते छतावर वाळवणं पाहायला गेले होते. दुसऱ्यांदा रात्री पावणेतीनला, मी जाऊन पाहिलं तर जागेच होते, म्हणाले, अगं, जरा बंद करून पाहिला, आवाज नको वाटला. पाणी दिलं, २६ वर लावला, थोडा वेळ बसले त्यांच्याजवळ.

सेन्सरचा सेल आता मी होळीच्या आठवड्यात बदलते, संपला असो की नसो. त्याच दिवशी माळ्यावरून कूलर उतरतो, पंप धुतला जातो, नव्या ताट्या बसतात, त्यातच हे एक काम जोडून टाकलं म्हणजे विसरायचं राहत नाही.